रथावर न बसण्याचा नवस

परक्या देशाची संस्कृती आत्मसात करायची असेल तर माणसाने तिच्यापुढे सदैव मान लववावी, असं एम्रिस प्यू याचं ठाम मत होतं. आणि बान खोक येन या गावात आल्यापासून तो ते कसोशीने पाळत होता. यातला बराचसा भाग दारांच्या चौकटींमुळे होता. वेल्समध्ये वाढलेला माणूस आणि थायलंडच्या ईसान भागात बांधलेली शाळा यांच्या उंचीत वीतभर फरक होता, आणि हा फरक त्याच्या कपाळावर निळाजांभळा उमटलेला असे. गावाला वाटे, केवढा नम्र माणूस!

वेल्समधल्या एका शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून तो निवृत्त झाला होता. पुढे काय करायचं ते न सुचल्यामुळे तो थायलंडमध्ये फुकट इंग्रजी शिकवायला आला. शाळेत त्याला ‘ख्रू एम’ म्हणत. ख्रू म्हणजे गुरुजी, आणि एम म्हणजे एम्रिसमधला चौथीच्या पोरांना झेपला तेवढा भाग. दोन वर्षांत पोरांना इंग्रजी आलं नव्हतं. पण जे येत नव्हतं ते आता वेल्श हेलात येत नव्हतं.

ख्रू एम स्वतःला निदान पाऊण थाई समजत असे. चिकट भाताचे गोळे तो बोटांनी वळून खाई. कुणाच्या दिशेने पाय पसरत नसे, कुणा पोराच्या डोक्यावरून हात फिरवत नसे. आणि शिक्षकांच्या बैठकीत तर त्याच्याइतकं थाई दुसरं कुणी दिसतच नसे. मुख्याध्यापक विसुत झपाट्याने बोलत. त्यातला एक हिस्सा ख्रू एमला कळे, आणि न कळलेल्या दोन हिश्शांना तो मंद स्मित करून मान डोलावत असे. अशीच एकदा मान डोलावून तो शाळेच्या बेडूकपालन प्रकल्पाचा प्रमुख झाला होता. ही गोष्ट त्याला पहिली बेडकं आली तेव्हा कळली.

त्याला एकच दुःख होतं. सण जवळ आला की गाव तीन वस्तू बाहेर काढी: झिरमिळ्या, लाऊडस्पीकर आणि ख्रू एम. सोंगक्रानला, म्हणजे पाणी उडवायच्या नववर्षाला, त्याला रथावर बसवत. पाण्यात दिवे सोडायच्या दिवशीही रथावर बसवत. वास्तविक त्या दिवशी सगळी मजा खाली तळ्याकाठी असे. गेल्या वर्षी वर्षावासाच्या मिरवणुकीत तर कहर झाला. पिकअप गाडीचा सोनेरी रथ करतात, त्यावर माणसापेक्षा उंच, कोरीव मेणबत्ती उभी करतात आणि वाजतगाजत विहारात नेऊन भिक्खूंना अर्पण करतात. त्या मेणबत्तीशेजारी ख्रू एमला स्वर्गातली देवता म्हणून बसवलं होतं. डोक्यावर निमुळता सोनेरी मुकुट, खांद्यांवर वर वळलेली टोकं, कमरेला हिरवी जर आणि चेहऱ्याला सोललेल्या अंड्याचा रंग. उन्हात मेणबत्ती आणि देवता यांच्यात आधी कोण वितळतं याची गावाने चार तास मजा पाहिली.

त्या प्रसंगाचा फोटो मोठ्या फलकावर छापून शाळेच्या फाटकाला लावला होता. वर्षभराच्या उन्हाने बाकीचे रंग उडून आता देवता नखशिखांत निळी झाली होती. सकाळी पोरं आधी फलकाला हात जोडत आणि मग ख्रू एमला. फलकावर मुकुट होता ना.

यंदा त्याला फक्त चालायचं होतं. शाळेचं नाव छापलेला जांभळा शर्ट घालून, इतर शिक्षकांच्या घोळक्यात, मेणबत्तीच्या मागे, बर्फाची कांडी चोखत, उन्हाला नावं ठेवत. एवढंच. दोन वर्षं झाली तरी तो शाळेतला माणूस होता की शाळेची शोभा, हे त्याला एकदा कळून घ्यायचं होतं. जांभळा शर्ट त्याने सगळ्यांच्या आधी शिवायला टाकला होता.

“ओई, मला रथावर बसायचं नाही, हे मुख्याध्यापकांना कसं सांगू?” त्याने विचारलं. ख्रू ओई समाजशास्त्र शिकवी आणि मधल्या सुट्टीत गोरं होण्याची क्रीमं विकी. तिच्याइतकी गावाची खडान्‌खडा माहिती कुणाला नव्हती. त्यातून ती नुकतीच महिनाभराचं प्रशिक्षण संपवून परतली होती, त्यामुळे तिच्या बोलण्याला धार आली होती.

“नाहीच सांगायचं, पी एम,” ती म्हणाली. वयाने मोठ्या माणसाला ‘पी’ म्हणतात, आणि ती ते अशा सुरात म्हणे की समोरच्याला आपलं वय आठवावं.

“म्हणजे बसायचं?”

“बसायचं नाही म्हणता ना?”

“हो.”

“मग बसू नका. पण सांगू नका. त्यांना केवढं अवघडल्यासारखं होईल!”

“सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?”

“अहो, असं कुणाच्या तोंडावर सांगतात का? पू तांना सांगा. ते आहेत कशाला?”

पू ता म्हणजे गावाचे राखणदार आजोबा. गावाच्या टोकाच्या राईत चार खांबांवर त्यांचं लाकडी घरकुल होतं. समोर मातीचे हत्तीघोडे आणि लाल सरबताच्या बाटल्यांची रांग, प्रत्येक बाटलीत एक नळी, कारण पू तांचं वय झालं होतं आणि बाटली तोंडाला लावणं त्यांना जड जात असणार. सक्तीच्या लष्करभरतीच्या सोडतीत पोराचं नाव येऊ नये म्हणून, सून परत यावी म्हणून, म्हैस परत यावी म्हणून गाव तिथे नवस बोले. काम झालं की कुणी उकडलेली अंडी आणी, कुणी अख्खी कोंबडी, मोठं काम असेल तर डुकराचं मुंडकं. त्याहून मोठं असेल तर पू तांसमोर नाच.

ख्रू एम भर दुपारी राईत गेला, कारण तेव्हा तिथे कुत्रंही नसतं. त्याने उदबत्ती लावली, गुडघे मोडून बसला, आणि नेमका कशाचा नवस बोलावा याचा भूगोलाच्या मास्तराला शोभेल असा सांगोपांग विचार केला. त्याच्याशिवाय रथ निघणं अशक्य होतं. दिवस पूर्वेला मावळणं जितकं अशक्य, तितकंच. म्हणजे नवस फेडायची पाळीच येणार नव्हती. मग हात आखडता कशाला घ्यायचा? लिलावात आपल्यावर कुणीतरी चढा भाव बोलणारच या खात्रीने माणूस जसा तोंडाला येईल तो आकडा बोलतो, तसा तो बोलला.

“पू ता,” तो म्हणाला, मोठ्याने, कारण आजोबांना ऐकायला कमी येत असेल, “यंदा मला रथावर बसवलं नाही, तर मी स्वतः तुमच्यापुढे नाचेन. सगळा पोशाख करून.”

ज्या प्रार्थनागृहात तो लहानाचा मोठा झाला तिथे स्तोत्र म्हणताना गुडघा किंचित वाकला तरी शेजारची बाई वळून बघे. साठ वर्षांत तो एकदाही नाचला नव्हता, स्वतःच्या लग्नातही नाही. आपण देवापुढे आपली सर्वांत मौल्यवान वस्तू, म्हणजे अब्रू, ठेवली, या जाणिवेने त्याचे डोळे पाणावले. तेवढ्यात घरकुलामागून, दोन झाडांना टांगलेली झोळी करकरल्याचा आवाज आला.

“छान बोललात, ख्रू,” झोळीतून लुंग खामसिंग म्हणाला. “उच्चार पण सुधारलेत.”

लुंग म्हणजे काका, आणि हा काका पू तांचा पुजारी होता. नवसाची अंडी पू तांना दाखवून झाली की ती खाणं हे त्याचं परंपरागत काम, आणि त्यात त्याने आजवर कधी कुचराई केली नव्हती.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी चौथीच्या पोरांनी ‘गुड मॉर्निंग’च्या ऐवजी हात वर करून बोटं वळवली.

त्यानंतरच्या आठवड्यात रथाची सजावट सुरू झाली. ख्रू एम बेडकांना खाणं घालायला जाताना सहज डोकावला, तर मेणबत्तीशेजारी, जिथे गेल्या वर्षी त्याचं स्टूल ठेवलं होतं तिथे, प्लास्टरचा एक लालभडक गरुड ठेवला होता. पंख मिटलेला, चोच उघडी, आणि त्याच्यापेक्षा पुष्कळ लहान.

“हा कोण?” त्याने ओईला विचारलं.

“गरुड. पी एम, अभिनंदन! यंदा तुम्ही रथावर नाही.”

“नाही?”

“नाही. मीही आत्ताच ऐकलं. रंगवणाऱ्या बाया म्हणत होत्या, हा बरा आहे. पावडर लावताना शिंकत नाही.”

ख्रू एमला फार आनंद झाला. तो का वाटत नाहीये, हे मात्र त्याला कळेना. आपल्याला नको असताना रथावर बसवतात याचं दुःख निराळं, आणि आपल्याऐवजी प्लास्टरचा पक्षी चालतो याचं निराळं. तो बराच वेळ गरुडाकडे बघत राहिला. गरुडानेही बघितलं.

“मग?” ओई म्हणाली. “नाच कधी?”

नाच टाळायचा म्हणून त्याने आधी अंडी उकडली. ताटभर अंडी आणि लाल सरबताची बाटली घेऊन तो राईत गेला. लुंग खामसिंगने पू तांना ताट दाखवलं, जरा वेळ डोळे मिटले आणि मग पहिलं अंडं सोललं.

“छान उकडलीत, ख्रू. पिवळं अगदी मधोमध आहे.”

“म्हणजे पू तांना चालली?”

“चालली की!”

“मग नवस फिटला?”

“छे!” लुंग मीठ लावत म्हणाला. “ही उशिराबद्दल.”

“पण लुंग, अंडी घेतली ना त्यांनी?”

“तुम्ही अंडी बोलला होता का? मी झोळीतच होतो. अंड्यांचं नावसुद्धा निघालं नाही. निघालं असतं तर मी उठून बसलो असतो.”

ख्रू एमने दुसऱ्या दिवशी कोंबडी नेली. लुंगने कोंबडी खाल्ली, तिच्या जबड्याचं हाड उन्हात धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “पू तांना नाचच पाहायचाय.” थोडं थांबून पुढे म्हणाला, “पण तुम्ही आणत राहा. विचारायला काय हरकत आहे?”

इथवर सगळं ख्रू एम आणि पू ता यांच्यात होतं. मग शाळेचा पाण्याचा पंप बंद पडला.

तो दरवर्षीच बंद पडे. पण यंदा पंप दुरुस्त करणाऱ्याने पान्हा खाली ठेवला, कपाळ पुसलं आणि विचारलं, “ते गोरे ख्रू नाचले का?” तालुक्याला शाळेच्या मुली व्हॉलीबॉलमध्ये हरल्या, त्यांच्या कप्तानाने रडत रडत ख्रू एमकडे असं पाहिलं की त्याने नजर चुकवली. शाळेच्या स्वयंपाकिणीचा भात करपला. ओईची क्रीमं उन्हात फुटली. आणि एका सकाळी बेडकांच्या हौदावरची जाळी सरकलेली सापडली. बेडकं शाळाभर पसरली होती आणि त्यांतली बहुतेक, पदाचा मान राखून, मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली होती.

जाळी ख्रू एमनेच आदल्या दिवशी नीट लावली नव्हती. त्याने तसं चारचौघांत कबूलही केलं. कुणी ऐकून घेईना.

“तुमचा काय दोष, ख्रू?” स्वयंपाकीण समजूत घालत म्हणाली. “पू तांनीच सरकवली. आता अंगावर आणखी काय काय ओढवून घेणार आहात?”

मुख्याध्यापक विसुत तर देवमाणूस. ते कुणाला टोचून बोलत नसत. त्यांनी ख्रू एमला खोलीत बोलावलं, थंड चहा पुढे ठेवला, टेबलाच्या खणातून एक बेडूक काढून खिडकीबाहेर सोडला आणि हळुवारपणे विचारलं, “ख्रू एम, तब्येत बरी आहे ना? मनावर काही ओझं?”

“नाही, काही नाही.”

“छान, छान. माझंही काही म्हणणं नाही.” त्यांनी आणखी एक बेडूक काढला. “माझ्या आईने एकदा एक नवस फेडायला उशीर केला होता. म्हणजे असंच आठवलं. आमचं घर जळलं. पण लहानच होतं घर.”

ख्रू एम तडक ओईकडे गेला. “शिकव,” तो म्हणाला.

मधल्या सुट्टीत खानावळीच्या मागे शिकवणी सुरू झाली. बघायला स्वयंपाकीण, पंपवाला आणि जेवण संपवायची घाई नसलेली सगळी शाळा.

“गुडघे मऊ ठेवा, पी एम. आणि बोटं मागे वाकवा. मागे, मागे!”

“माझी बोटं मागे जात नाहीत.”

“कधी नेऊन पाहिलीत का?”

“साठ वर्षांत गरज पडली नाही.”

“कमळ उमलतंय असं मनात आणा.”

त्याने मनात कमळ आणलं. स्वयंपाकीण म्हणाली, “ख्रू, गाडी मागे घ्यायला सांगताय का?” पंपवाला खरोखरच दोन पावलं मागे सरला.

पोशाखाचा प्रश्न निघाला. नवसात सगळा पोशाख कबूल केलेला. त्याच्या मापाचा पोशाख साऱ्या पंचक्रोशीत एकच होता, आणि तो घालून तो फाटकावर निळा होऊन लटकला होता. माळ्यावरून देवतेचा जामानिमा उतरवला गेला. वर्षभरात उंदरांनी एका खांद्याचं टोक खाल्लं होतं; बाकी सगळं, दुर्दैवाने, शाबूत होतं.

मग दिवस. लुंग खामसिंगने बोटं मोडली, आकाशाकडे पाहिलं आणि मिरवणुकीचाच दिवस शुभ आहे असं सांगितलं. रस्ता राईवरूनच जातो, गाव तिथे असणारच, आणि दोनदोनदा जेवणं कोण करणार? मग वाजपाचं काय? लाऊडस्पीकर गावात एकच, आणि तो रथावर बांधलेला. म्हणजे रथ राईपाशी थांबवायचा. इथवर ख्रू एमला काही वावगं दिसलं नाही. आपण मागून जांभळ्या शर्टात चालत येऊ, राईत कपडे बदलू, नाचू, पुन्हा शर्ट घालू आणि बर्फाची कांडी घेऊ, असा त्याचा बेत होता.

“राईत कुठे कपडे बदलणार?” ओईने विचारलं. “या पोशाखाला अंगावरच टाके घालावे लागतात. गेल्या वर्षी दोघींना दोन तास लागले होते. विसरलात?”

“मग शाळेतूनच घालून चालत येतो.”

“त्या मुकुटात? पी एम, तुम्ही साध्या डोक्याने दाराला आपटता. वाटेत विजेच्या तारा आहेत, आंब्याच्या फांद्या आहेत. आणि ते जोडे! गेल्या वर्षी बसून होतात म्हणून निभावलं. चालायला लागलात तर विहारात पोचेपर्यंत वर्षावास संपेल.”

“मग येऊ कसा?”

ओईने रथाकडे पाहिलं.

ख्रू एमच्या डोक्यात त्या क्षणी लखकन प्रकाश पडला. तो धावतच राईत गेला. लुंग झोळीत होता.

“लुंग! हे सगळे मला रथावर चढवताहेत!”

“बरं मग?”

“मी मागितलं काय होतं? रथावर बसवू नये! आता रथावर बसतोय, म्हणजे पू तांनी माझं मागणं पुरं केलं नाही. म्हणजे नवस लागू नाही. म्हणजे नाच नाही!” चाळीस वर्षं शिकवून त्याने इतकं बिनतोड काही फळ्यावर मांडलं नव्हतं. “आणि नाच नाही, तर रथावर चढायची गरजच नाही!”

लुंग खामसिंग झोळीत उठून बसला. अंड्यांशिवाय तो उठून बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

“ख्रू,” तो म्हणाला, “पू तांनी दिलं. गरुड बसवून दाखवला. चढताय तुम्ही.”

आणि तो परत आडवा झाला.

मिरवणुकीच्या दिवशी ऊन गेल्या वर्षीचंच होतं. ख्रू एमला टाके घालून झाले, तोंडाला अंड्याचा रंग चढला, आणि चौघांनी त्याला वर ढकललं. यंदाची पिकअप लहान होती. तो चढल्याबरोबर ती मागच्या बाजूने खाली बसली, आणि मेणबत्ती, गरुड आणि देवता असे तिघे काही मावेनात. त्यातला एक उतरणं भाग होतं. मेणबत्ती उतरवणं शक्य नव्हतं, ख्रू एमला टाके घातले होते. गरुडाला उतरवलं.

चौघा शिक्षकांनी गरुड खांद्यावर घेतला आणि ते रथाच्या मागे चालू लागले. उन्हाने त्याचा रंग उडू नये म्हणून अंगावर घालायला काहीतरी हवं होतं. एक जांभळा शर्ट नवाकोरा, घडीतला, वापराविना पडून होता, मोठ्या मापाचा. गरुडाला तो पंखांसकट छान बसला. वाटेत कुणीतरी त्याच्या उघड्या चोचीत बर्फाची कांडी खोचली. ख्रू एम मुकुट सावरत वरून हे सगळं बघत होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नमस्कार करत होता.

राईपाशी रथ थांबला. बांबूच्या नळ्यांचं केन आणि तारांचं फिन वाजू लागलं, लाऊडस्पीकर आधी किंचाळला आणि मग गाऊ लागला. ख्रू एम खाली उतरला. सगळं गाव गोल करून उभं राहिलं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी त्याला वेल्समधल्या त्याच्या घराचा नंबर विचारून घेतला, लॉटरीसाठी. असा योग पुन्हा येत नाही.

मग तो नाचला.

गुडघे मऊ ठेवले, पण ते एका वेळी एकच मऊ होई. बोटं मागे जाईनात, म्हणून त्याने उरलेला सगळा माणूस मागे नेला. कमळ उमललं, मिटलं, रस्ता ओलांडणाऱ्यासारखं दोन्हीकडे पाहून पुन्हा उमललं. पहिल्या कडव्याला हशा झाला. दुसऱ्याला त्याच्या लक्षात आलं की हसणं ऐकू येत नाही. आपण एखादा भयंकर प्रमाद केला की काय, म्हणून त्याने दचकून मान वळवली. स्वयंपाकीण नाचत होती. तिच्यामागे ओई, पंपवाला, व्हॉलीबॉलची कप्तान, हात पाठीमागे बांधून नुसतेच पाय हलवणारे मुख्याध्यापक. लुंग खामसिंग झोळीत बसून टाळ्या वाजवत होता. ख्रू एमकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बान खोक येनला आल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं.

नाच संपल्यावर त्याला परत रथावर चढवलं. आणि ‘कडाड्’ असा आवाज होऊन पिकअपच्या स्प्रिंगचा पाटा मोडला.

मग एकच धांदल उडाली. विहार अजून बराच लांब, दुपार कललेली, भिक्खू वाट बघत बसलेले. मेणबत्ती दोरांनी बांधून बांबूंवर घेतली, दहाबारा जणांनी खांदा दिला, कुणी ‘सावकाश’ म्हणून ओरडत होतं, कुणी ‘उचला’ म्हणून. त्या गडबडीत देवता मागे पडली. ख्रू एमने जोडे काढून हातात घेतले, मुकुट बगलेत मारला आणि शिक्षकांच्या घोळक्यातून अनवाणी चालू लागला. गरुडाच्या एका बाजूला खांदा कमी पडत होता, तो त्याने दिला.

“फार ऊन आहे, नाही?” शेजारचा गणिताचा मास्तर म्हणाला.

“भयंकर,” ख्रू एम म्हणाला. “गेल्या वर्षी इतकं नव्हतं.”

कुणीतरी त्याच्या हातात बर्फाची कांडी दिली. चेहऱ्यावरचा रंग ओघळून कांडीवर येत होता, ती जरा पावडरीची लागत होती. विहाराच्या दारातून आत जाताना, दोन वर्षांत पहिल्यांदाच, त्याने न आपटता मान लववली आणि मनातल्या मनात पू तांना म्हणाला की आजोबा, मानलं तुम्हाला. आधी हसं केलंत, पण मागितलं ते दिलंत.

पुढच्या सोमवारी शिक्षकांची बैठक झाली. मुख्याध्यापक विसुत नेहमीसारखे झपाट्याने बोलत होते. ख्रू एम प्रसन्न होता. मिरवणूक, पिकअप, पुढचं वर्ष असे काही शब्द त्याच्या कानावरून गेले. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मंद स्मित करून मान डोलावली. टाळ्या पडल्या.

बाहेर आल्यावर तो ओईला म्हणाला, “काही म्हण ओई, पू ता जागृत आहेत. मला रथावरून उतरवणं सोपं होतं का?”

ओईने क्रीमांची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तिला फार अवघडल्यासारखं झालेलं दिसत होतं.

“पी एम, मी प्रशिक्षणाला होते, मलाही आज गणितवाल्याने सांगितलं. तुम्हाला रथावर बसवायचं नाही, हे शाळा उघडली तेव्हाच्या पहिल्याच बैठकीत ठरलं होतं. यंदा मोठी पिकअप मिळत नव्हती. मेणबत्तीचं वजन कमी करता येत नाही, म्हणून.”

“म्हणजे नवसाच्या आधी?”

“आधीच.”

“मग मला कुणी काहीच कसं बोललं नाही?”

“बैठकीत तुम्ही होतात ना! मुख्याध्यापकांनी तुम्हालाच विचारलं, चालेल का म्हणून. तुम्ही मान डोलावलीत. नंतर नवस बोललात तेव्हा सगळ्यांना वाटलं, भाविक माणूस आहे, ठरलेल्या गोष्टीलाही नवस बोलतो. मध्ये कोण बोलणार?”

ख्रू एम फाटकापाशी थांबला. निळा फलक काढून तिथे नवा लावायचं काम चालू होतं. नव्या फलकावर तो नाचत होता. पोरांनी आत्ताच हात जोडायला सुरुवात केली होती.

“आणि आज?” त्याने विचारलं. “आज मी कशाला मान डोलावली?”

“पुढच्या वर्षीच्या गाडीला,” ओई म्हणाली. “विसार देऊन टाकलाय. दहा चाकी ट्रक आहे.”